धुळीची हजेरी

वावटळ झाडायला आला की आधी धूळ दिसायची, मग खराट्याचा आवाज ऐकू यायचा, आणि या दोन्हींच्या मागून बऱ्याच वेळाने वावटळ स्वतः दिसायचा. सव्वीस वर्षं तो एकच रस्ता झाडत होता. नाव लोकांनी ठेवलेलं, पण त्याने ते इतकं अंगवळणी पाडून घेतलं होतं की एखाद्याने खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघायचा नाही. दुसऱ्याच कुणाला तरी बोलावताहेत असं त्याला वाटायचं.

झाडायला एवढी धूळ कशाला उडवावी लागते, असं कुणी विचारेल. विचारणारा त्या मुकादमाच्या हाताखाली राबलेला नसणार, एवढं नक्की. मुकादमाकडे रस्ते होते पाच आणि गुडघे दोनच, तेही दुखरे. पाचही रस्ते ज्या चौकात मिळायचे तिथे चहाच्या टपरीला लागून तो खुर्ची टाकायचा आणि बसल्या जागेवरून हजेरी घ्यायचा. ज्या रस्त्यावर ढग उठला तो माणूस हजर, नाही उठला तो गैरहजर. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. फरक इतकाच की याला शेळ्या दिसतच नव्हत्या, नुसती त्यांच्या खुरांची धूळ दिसत होती.

झाडणारेही काही दूधखुळे नव्हते. खराटा जमिनीवर ओढण्यापेक्षा हवेत उडवणं जास्त महत्त्वाचं, हे प्रत्येक नवा माणूस पहिल्या आठवड्यातच शिकायचा. त्या विद्येत वावटळचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याचा ढग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत जायचा. नवीन माणसांना मुकादम तो लांबून दाखवायचा आणि याला म्हणतात काम, असं सांगायचा. शेवटी सगळा पाचोळा गोळा करून वावटळ तो कोपऱ्यातल्या भिंतीशी पेटवून द्यायचा, कारण कचरागाडीची वाट बघण्यापेक्षा काडी ओढणं सोपं. तो धूर, ती धूळ आणि सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकांचा काळा फुत्कार, असा त्याचा रोजचा सकाळचा नाश्ता होता.

त्या नाश्त्याचं बिल घसा वसूल करायचा. पहाटे उठल्या उठल्या वावटळ मोरीत उभा राहून जे खाकरायला लागायचा, ते शेजारच्या तीन घरांना गजर म्हणून पुरायचं. बायको घरी शिलाई करायची. ती म्हणायची, तुम्ही रस्त्यावरची निम्मी धूळ घरी आणता, तर मग तिथे झाडता काय? यावर त्याचं ठरलेलं उत्तर होतं, की धुळीनेच छाती टणक होते.

मग सफाई खात्याने यंदा सगळ्यांची छाती तपासायची ठरवली. एका नळीत जोर लावून फुंकायचं, आणि यंत्र आकडा सांगणार. धडधाकट माणसाचा शंभर धरला तर सत्तरच्या खाली आलेल्याला रस्त्यावर ठेवायचं नाही, असा नियम होता. वावटळ अंगातला शर्ट काढून बसला, पोरांना कुस्ती दाखवायची असावी तसा. जोरात फुंकलं. यंत्राने सहासष्ट सांगितले.

डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, म्हणाल्या. तेव्हाही सत्तर गाठले नाहीत तर मात्र रस्ता सुटणार आणि कोठारात बसावं लागणार. कोठार म्हणजे बिनखिडकीची एक खोली. तिथे सही घेऊन खराटे द्यायचे आणि सही घेऊन परत घ्यायचे. पगार तोच आणि ऊन नाही, म्हणून दुसरा कुणी असता तर त्याने पेढे वाटले असते. वावटळला त्या रात्री जेवण गेलं नाही.

कारण तो रस्ता त्याचा होता. तीनशे पावलांचा, टायरच्या दुकानापासून बसथांब्यापर्यंतचा. त्या रस्त्यावरच्या माणसांना तो त्यांच्या कचऱ्यावरून ओळखायचा. औषधवाला बायकोपासून लपवून गोड खातो, हे त्याला कागदांवरून कळायचं. कोपऱ्यावरच्या वकिलाने सिगरेट सोडली तो दिवस आणि पुन्हा धरली तो दिवस, दोन्ही त्याला पाठ होते. एकदा त्याने कुणाची तरी दातांची कवळी पाचोळ्यातून काढून, धुऊन, घरपोच केली होती. तो माणूस अजूनही त्याला बघून तोंडभर हसतो. हे सगळं सोडून चार भिंतींत खराटे मोजत बसायचं, म्हणजे जिवंतपणी फोटोत जाऊन बसण्यासारखं होतं. त्याला ते नको होतं, आणि ते नको असल्याचं तो कुणापासून लपवतही नव्हता.

त्याने आधी आपल्या पद्धतीने उपाय केला. फुग्यांचं एक पाकीट आणलं आणि रोज संध्याकाळी फुंकायची तालीम सुरू केली. आठ दिवसांत घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. बायकोच्या मशीनखाली एक फुगा फुटला, सुई वाकली आणि कुणाचा तरी पडदा उभा फाटला. त्या दिवशी तिने मुलीला फोन करून सांगितलं, तुझ्या बापाला घेऊन जा आणि काय ते एकदा दाखव.

मुलगी एका संशोधन संस्थेत काम करायची. माणसाच्या श्वासनलिकेच्या आतलं अस्तर ज्या पेशींचं बनलेलं असतं, त्या पेशी ती काचेच्या ताटल्यांत वाढवायची. वावटळने शेजाऱ्यांना याचा अर्थ असा सांगितला होता, की पोरगी ताटलीत काहीतरी पिकवते, पण सहा वर्षांत एक दाणा घरी आलेला नाही. तिथे जायचं म्हणून त्याने धुतलेला शर्ट घातला. दारात त्याला पायांवरून प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवायला लावल्या. एवढी स्वच्छता बघून त्याला जरा अपमान झाल्यासारखं वाटलं.

मुलीने एक ताटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि त्याला डोळा लावायला सांगितला. आधी त्याला स्वतःच्याच पापण्या दिसल्या. मग चाकं फिरवून तिने ते नीट जमवलं, आणि वावटळ गप्प झाला. घरात ही गोष्ट क्वचितच घडायची.

खाली सगळीकडे बारीक केस हलत होते. प्रत्येक पेशीवर दोनेकशे, असं मुलगी म्हणाली, आणि सेकंदाला दहा-बारा वेळा हलतात. त्यांच्यावर पातळसा चिकट थर असतो. श्वासातून आलेली धूळ त्या थराला चिकटते आणि हे केस तो थर ढकलत ढकलत घशापर्यंत वर आणतात. तिथून आपण तो नकळत गिळून टाकतो. रात्रंदिवस हेच चालू असतं.

वावटळने डोळा न काढता विचारलं, "सगळे एकाच दिशेला झाडतायत. यांचा मुकादम कोण?"

"कुणीच नाही, बाबा."

"मुकादम नाही, तरी सगळे एका दिशेला?" त्याने पुन्हा नीट बघितलं. त्याला ते फार आवडलं. आपल्या खात्यातल्या पाच माणसांना एकदा तरी इथे आणून उभं करावं, असं त्याच्या मनात आलं.

मुलीने दुसरी ताटली ठेवली. तिच्यावरून ती तीन आठवडे रोज थोडा थोडा ट्रकचा धूर सोडत होती. इथे निम्मी जागा टक्कल पडल्यासारखी होती. जे केस उरले होते ते आखूड होते, सुस्तावलेले होते, आणि ज्याला जिकडे वाटेल तिकडे तो हलत होता. मधूनमधून फुगलेल्या पेशी होत्या. त्या चिकटा तयार करणाऱ्या, असं ती म्हणाली. धूर रोज यायला लागला की पेशींचे आपसातले सांधे सैल होतात, त्या मदतीसाठी ओरडायला लागतात, मग सूज येते. चिकटा करणाऱ्या वाढतात आणि झाडणाऱ्या कमी होतात. वर्षानुवर्षं असंच चाललं तर त्यांच्या जागी जाडजूड चपट्या पेशी येऊन बसतात. त्या धूर सोसतात, पण झाडत मात्र अजिबात नाहीत.

"म्हणजे कामगार कमी केले आणि बसणारे भरले," वावटळ म्हणाला. "आमच्याकडेही असंच आहे."

मुलगी हसली. पण मग तिने सांगितलं की काजळी जितकी बारीक, तितकी ती खोल जाते, पार तळाच्या इवल्या इवल्या पिशव्यांपर्यंत. आणि तिथे हे केस नसतातच.

"ती गल्ली कुणाच्या वाट्याला?"

"कुणाच्याच नाही. एखादी पेशी फिरत येते आणि गिळेल तेवढं गिळते. बाकीचं तिथेच राहतं."

वावटळ सूक्ष्मदर्शकापासून मागे सरकला. सव्वीस वर्षं आपण या बिचाऱ्यांच्या डोक्यावर टोपल्याने धूळ ओतत होतो आणि वर छाती टणक होते म्हणून फुशारकी मारत होतो. झाडणाऱ्याने झाडणाऱ्याच्या पोटावर पाय द्यावा, याची त्याला मनापासून लाज वाटली. निघताना त्याने एकच प्रश्न विचारला.

"यांना रजा कधी मिळते?"

"तुम्ही द्याल तेव्हा," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून वावटळ बदलला. मुलीने दिलेला मास्क त्याने नाकाला घट्ट बसवला. फुलवाल्याकडून एक जुनी झारी मागून आणली. आधी पाणी शिंपडायचं, मग खराटा जमिनीला चिकटवून हळू ओढायचा, आणि पाचोळा न पेटवता पोत्यात भरायचा. रस्ता असा निघाला की टायरवाल्याने बाहेर येऊन दोनदा बघितला. धुळीचा एक कण उडाला नाही.

आणि मुकादमाने त्याला गैरहजर मांडलं.

सलग पाच दिवस. सहाव्या दिवशी वावटळ चौकात जाऊन भांडला. मुकादमाचं म्हणणं सरळ होतं, ढग नाही म्हणजे माणूस नाही. रस्ता स्वच्छ आहे हे तरी बघा, असं वावटळने सांगितलं, तर रस्ता स्वच्छ आहे हे खुर्चीतून दिसतं का, असा त्याने उलट सवाल केला. वर त्याने एक तक्रारअर्ज पुढे केला. तो दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त शिक्षिकेचा होता. त्या वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसते म्हणून वीस वर्षं भांडत आल्या होत्या. आता त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, की गेले पाच दिवस कपड्यांवर धूळ नाही, त्याअर्थी झाडूवाला येत नाही, तरी चौकशी व्हावी.

यापुढे डोकं आपटण्यात अर्थ नव्हता. वावटळने मधला मार्ग काढला. रोज सकाळी सहा वाजता, चौकाच्या अगदी तोंडाशी, तो मास्क लावून एक ढग उठवायचा. हजेरीपुरता एकच, पण असा सणसणीत की मुकादमाने चहाच्या कपावर हात ठेवावा. मग उरलेला रस्ता पाणी मारून शांतपणे झाडायचा. मुकादम खूश, शिक्षिकाबाई नाराज का होईना पण गप्प, आणि छातीतल्या माणसांना रजा. आपल्या अकलेवर तो स्वतःच खूश होता.

तीन आठवडे हे छान चाललं. मग खोकला सुरू झाला. पहाटेचा नेहमीचा गजर नव्हे, तर दिवसभराचा, पोटातून येणारा खोकला. काळपट, घट्ट असं काय काय बाहेर पडायला लागलं. आयुष्यभर धूळ खाल्ली तेव्हा एवढा खोकलो नाही, आणि आता मास्क लावला तर हे, असं म्हणत त्याने मास्क खुंटीला टांगला, झारी कोपऱ्यात ठेवली आणि पुन्हा जुना ढग उठवला. चार दिवसांत खोकला खरंच बसला. मुलीने फोनवर दोनदा समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. तुझ्या ताटल्या तुझ्यापाशी, असं तिला सांगून त्याने फोन ठेवला. परीक्षेला महिना-सव्वा महिना उरला होता.

बायको मशीनवर होती. तिने धागा तोडला आणि मान वर न करता विचारलं, "तुमचा संप मिटला तो दिवस आठवतो का?"

आठवत होता. बारा वर्षांपूर्वी सगळ्या झाडूवाल्यांनी अकरा दिवस संप केला होता. रस्ते कचऱ्याने भरले आणि लोकांनी नाकं दाबून वाटा काढल्या. बाराव्या दिवशी हे सगळे कामावर आले, सगळे ढीग एकदम उपसले, आणि त्या दिवशी जी घाण सुटली, जो गोंगाट झाला, त्याला तोड नव्हती. लोक खिडक्यांतून ओरडत होते, की यापेक्षा संप परवडला. वावटळ तेव्हा भर रस्त्यात उभा राहून म्हणाला होता, की साचलेलं निघताना वास येणारच, चार दिवस कळ काढा.

"मग तुम्हीही काढा ना कळ," बायको म्हणाली. "तुमच्या आतला संप मिटलाय. ते बिचारे कामावर आलेत, अकरा दिवसांचं नाही, सव्वीस वर्षांचं उपसतायत. आणि तुम्ही त्यांना पुन्हा घरी पाठवताय."

वावटळने खुंटीवरचा मास्क काढला, झटकला आणि खिशात ठेवला. मग तो खोकला त्याने मोठ्या मानाने सोसला. खोकून झालं की छातीवर हात ठेवून म्हणायचा, चालू द्या, घाई नाही.

तपासणीच्या दिवशी मुकादमही आला होता, पाचही जणांची यादी घेऊन. वावटळला कोठारात धाडायचं झालं तर त्याच्या जागी कोण, हेही त्याने लिहून आणलं होतं. वावटळ नळी तोंडात धरून बसला. त्याने डोळे मिटले, ताटलीतल्या त्या सगळ्यांना मनातल्या मनात एकदा विनवलं आणि फुंकलं. तीनदा फुंकलं. बाईंनी चष्मा वर केला आणि एकाहत्तर, असं सांगितलं.

एका आकड्याने का होईना, रस्ता राहिला. मुकादमाने यादीवर काट मारली आणि निघायला उठला, तेव्हा बाई म्हणाल्या, आलाच आहात तर तुम्हीही फुंका.

मुकादम हसला. आपण जन्मात खराटा हातात धरलेला नाही, सिगरेट ओढत नाही, आपलं काम खुर्चीतलं, असं त्याने सांगितलं. तरी बसला आणि त्याने फुंकलं. बाईंनी त्याला पुन्हा फुंकायला लावलं, मग आणखी एकदा. यंत्राने अठ्ठावन्न सांगितले.

बाईंनी शांतपणे विचारलं, "बसता कुठे तुम्ही?"

"चौकात," मुकादम म्हणाला.

वावटळ दाराशी उभा होता. या माणसाने केलेले पाच गैरहजर त्याच्या अजून मनात होते, आणि ही वेळ तोंडसुख घ्यायला अगदी नामी होती. पण त्याच्या डोळ्यांपुढे तो चौक आला. पाच रस्ते तिथे मिळतात. वीस वर्षं पाचही रस्त्यांचा ढग तिथेच जमायचा, आणि सिग्नलचा धूर वरून. त्यात गेले दोनेक महिने त्याने स्वतः रोज सहा वाजता, मुद्दाम, नेम धरून एक ढग पाठवला होता. स्वतः मास्क लावून. सगळ्यांची हजेरी इतकी वर्षं या एका माणसाच्या छातीत मांडली जात होती, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं, त्यालाही नव्हतं. वावटळला भडभडून आलं. बाईंनी मुकादमालाही तीन महिने दिले. त्याने तो कागद हातातल्या यादीत घातला आणि कुणाकडे न बघता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता वावटळने ढग उठवला नाही. गैरहजर मांडेल तर मांडू दे, असं ठरवून त्याने बसथांब्याच्या बाजूने पाणी शिंपडायला सुरुवात केली. निम्मा रस्ता झाला तेव्हा त्याला चौकाकडून कुणीतरी चालत येताना दिसलं. चार पावलं, मग एका झाडाला हात टेकून उभं राहणं, मग पुन्हा चार पावलं. जवळ यायला बराच वेळ लागला. मुकादम त्या रस्त्यावर वीस वर्षांत पहिल्यांदाच आला होता. औषधाच्या दुकानाची पाटीही तो नव्याने वाचत होता.

"आज ढग नाही," तो म्हणाला. दम लागल्यामुळे यापुढचं वाक्य यायला थोडा वेळ गेला. "मग हजेरी कशी घेऊ?"

"अशीच. चालत यायचं," वावटळ म्हणाला. "सावकाश या. मला घाई नाही."

वरच्या खिडकीतून शिक्षिकाबाईंनी डोकावून बघितलं आणि झाडूवाला आलाय की नाही, असं खालच्या दोघांना विचारलं. वावटळने खिशातला दुसरा, नवा मास्क मुकादमाला दिला. मग झारी भरून घेतली आणि त्याच्या पुढे पुढे, त्याच्या पावलांखालची धूळसुद्धा उडू नये असं पाणी शिंपडत चालायला लागला. टायरच्या दुकानापाशी मुकादम पाचव्यांदा थांबला, वही उघडली, वावटळच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुझं खरं नाव काय रे?"

वावटळलाही ते आठवायला एक क्षण लागला. मग त्याने सांगितलं, आणि मुकादमाने त्यापुढे हजर असं लिहिलं.